कोकम की पन्हं? मोजून बघू या

उन्हाळा तोंडावर आला की गटाच्या बैठकीत सरबताचा विषय निघतोच. कोकम सरबत करायचं की कैरीचं पन्हं? कोणीतरी म्हणतं, "अगं, सगळ्यांना पन्हंच आवडलं!" आणि तेवढ्यावर बाटल्या, साखर, लेबलं यांची ऑर्डर जाते. पैसा मात्र गटाच्या कर्जातला असतो. म्हणून आम्ही सांगतो, 'सगळ्यांना' म्हणजे किती जणांना, ते आधी मोजा.

समजा, २० जणांना दोन्ही चाखायला दिलं. १२ जणांनी पन्हं निवडलं, ८ जणांनी कोकम. पन्हं जिंकलं का? थांबा. एक नाणं २० वेळा उडवा आणि छापा-काटा मोजा. असे १०० डाव खेळलात तर जवळजवळ ५० डावांत कुठली तरी एक बाजू १२ किंवा जास्त वेळा पडते. नाण्याला काय चव कळते? म्हणजे १२-८ हा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. पण १५-५ किंवा त्याहून मोठा फरक १०० पैकी साधारण ४ डावांतच दिसतो. तेव्हा २० जणांत १५ जण एका बाजूला असतील, तर त्या आवडीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता २०० जणांना विचारलं आणि १२०-८० असं आलं तर? प्रमाण तेच १२-८ चं, पण एवढा फरक नाण्याच्या खेळात क्वचितच पडतो. म्हणून माणसं वाढवा. फक्त आपल्याच वाड्यातली नकोत. जावा-नणंदा आपलं मन राखतात.

या मोजणीत चहाचीही एक गोष्ट आहे बरं का. इंग्लंडमध्ये म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर या गणित्यानं ८ कपांची परीक्षा मांडली: ४ असे, ४ तसे, क्रम लपवलेला. नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १. ही परीक्षा त्यानं १९३५ च्या आपल्या पुस्तकात समजावून दिली.

आपणही तसंच लपवायचं. पेले सारखे, गारवा सारखा, नावं सांगायची नाहीत. पण रंगावरून कोकम लगेच ओळखू येतं, म्हणून स्टीलचे झाकणाचे पेले घ्या. अर्ध्या बायकांना आधी पन्हं द्या, अर्ध्यांना आधी कोकम. उन्हातून आलेल्या माणसाला पहिला घोट गोडच लागतो. एकेकीला बाजूला बोलावून विचारा, नाहीतर पहिली जे म्हणेल तेच बाकीच्या म्हणतात. "दोन्ही छान" म्हणणाऱ्या वेगळ्या लिहा, त्यांना मोजणीत धरू नका.

आणि चाखून झाल्यावर भाव सांगून पुन्हा विचारा: एवढ्याला घ्याल का? फुकटच्या पेल्याची आवड आणि पदरचे पैसे मोजून घेतलेली बाटली, यांचे वहीत रकाने वेगळे ठेवा.