‘≤’ या चिन्हाची खालची रेघ : व्यापाऱ्यांनी काय जपावे

कापडाच्या मागणीपत्रात पूर्वी ‘धुतल्यावर तीन टक्क्यांहून अधिक आटता कामा नये’ असे सरळ वाक्य असे. आता मागणीपत्रे संगणकावरून, मोबाइलवरून येतात आणि त्या वाक्याच्या जागी ‘≤ ३%’ एवढेच लिहिलेले असते. आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांनी हे चिन्ह शाळेत शिकून सोडून दिले होते. आता ते परत दारात आले आहे, आणि त्याच्यावर माल पास की नापास हे ठरते.

अर्थ सोपा आहे. चिन्हाचे उघडे तोंड मोठ्या आकड्याकडे असते. < म्हणजे ‘पेक्षा कमी’. त्याच्याखाली रेघ आली, म्हणजे ≤ झाले, की ‘कमी किंवा तेवढेच’. बरोबर ३ टक्के आटलेला तागा ‘< ३%’ या अटीत नापास होतो, ‘≤ ३%’ या अटीत पास होतो. ≥ हे याच्या उलट, म्हणजे ‘तेवढे किंवा जास्त’. रंग पक्का असण्याचा दर्जा ‘≥ ४’ मागितला असेल, तर ४ चालतो, साडेतीन चालत नाही.

ही रेघ किती रुपयांची आहे ते जीएसटीत पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाची करपात्र किंमत २,५०० रुपयांहून अधिक नसेल तर ५ टक्के आणि अधिक असेल तर १८ टक्के कर आहे. ‘अधिक नसेल’ म्हणजेच ≤. बरोबर २,५०० च्या शेरवानीवर कर होतो १२५ रुपये. पण बिलाचे सूत्र भरणाऱ्या मुलाने तेथे नुसते < लावले, तर संगणक तीच शेरवानी १८ टक्क्यांत टाकून ४५० रुपये लावील. नगामागे ३२५ रुपयांचा फरक, शंभर नगांवर ३२,५००! बाजारात आपण ‘अडीच हजाराच्या आत’ म्हणतो, त्यात अडीच हजार धरले की नाही हे बोलणाराच जाणे. तोंडी सौद्यात ते निभावते, संगणकात निभावत नाही.

हे चिन्ह संगणकाला नवे नाही, पण कळफलकावर त्याला जागा मिळाली नाही. < आणि > ही चिन्हे इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या ग्रंथात आली. खाली रेघ जोडण्याची रीत फ्रान्सच्या प्येर बुगेर यांनी १७३४ साली वापरली. १९६३ साली अमेरिकेत संगणकाची ‘आस्की’ अक्षरमाला ठरली, तेव्हा तिच्यात < आणि > घेतले, ≤ आणि ≥ वगळले. म्हणून लोक <= अशी दोन चिन्हे जोडून काम भागवू लागले. एक्सेलच्या सूत्रात आजही तेच करावे लागते, तेथे ≤ चालत नाही. आधी <, मग =, हा क्रम मोडू नये.

पत्रात किंवा दरपत्रकात मात्र खरे चिन्ह टाकता येते. विंडोजवरील वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २२६४ लिहून ऑल्ट व एक्स ही बटणे एकत्र दाबली की ≤ उमटते, २२६५ लिहिले की ≥. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर < चे बटण दाबून धरले की ≤ पुढे येते.

खरा धोका जुन्या फायलींत आहे. ‘सिम्बॉल’ नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये ≤ ला स्वतःची जागा नव्हती. साध्या फॉन्टमध्ये जेथे पौंडाचे £ असते, त्या जागेवर ≤ चे चित्र बसवलेले होते आणि ≥ हे वर लिहायच्या लहान ³ च्या जागी. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, फॉन्ट बदलला, की ‘≤ ३%’ चे ‘£ ३%’ होते. हे निदान विचित्र दिसते, म्हणून वाचणारा विचारतो तरी. ‘≥ १८०’ वजनाच्या कापडाचे ‘³१८०’ झाले आणि कारकुनाने ते साध्या आकड्यांत उतरवले, तर ३१८०! युनिकोडमध्ये या चिन्हांना स्वतःचे क्रमांक मिळाले (वर सांगितलेले २२६४ व २२६५ तेच), त्यामुळे नव्या फायलीत हा घोळ सहसा होत नाही. जुने दरपत्रक उघडून त्यावरच नवे बनवण्याची सवय असेल, तर चिन्हे पुसून पुन्हा टाकावीत.

आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांसाठी आणखी एक बाब. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, म्हणून उर्दू ओळीत संगणक ही चिन्हे आपोआप उलटी फिरवून दाखवतो. आपण > दाबतो, पडद्यावर < दिसते. ते चूक नाही, उर्दूच्या दिशेने वाचले की तोंड मोठ्या आकड्याकडेच असते. पण एखादा कारकून ‘हे उलटे झाले’ म्हणून ते ‘सुधारतो’, आणि पन्हा किमान ५८ इंच हवा असता जास्तीत जास्त ५८ इंचाची मागणी जाते. उर्दू मजकुरातून मराठी किंवा इंग्रजी पत्रात चिन्ह हाताने उतरवून घेतानाही हेच घडते.

आमच्या मते सौद्याच्या कागदावर चिन्ह एकटे सोडू नये. ‘≤ ३% (जास्तीत जास्त ३ टक्के)’, ‘≥ ५८ इंच (कमीत कमी ५८ इंच)’ असे शब्द जोडावेत. उर्दूत ‘ज़्यादा से ज़्यादा’ आणि ‘कम अज़ कम’ आहेतच. पत्र पाठवण्यापूर्वी ते दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून पाहावे, तेथे चिन्हाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसले, तर समोरच्यालाही तसेच दिसू शकते.