गुलमर्गमध्ये कडाक्याची थंडी, तरी बर्फ का पडत नाही?

जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे फोटो व्हायरल झाले, ते बर्फामुळे नाही, तर बर्फ नसल्यामुळे. ज्या उतारांवर एरवी स्कीइंग चालतं, तिथे वाळलेलं तपकिरी गवत दिसत होतं. तिकडे श्रीनगरमध्ये मात्र रात्रीचा पारा उणे पाचच्या आसपास. मग एवढ्या थंडीत बर्फ का पडला नाही?

कारण थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या फ्रीजरमध्ये बर्फ तयार होत नाही, त्यात आधी पाणी ठेवावं लागतं. काश्मीरसाठी हिवाळ्यात हे पाणी येतं थेट भूमध्य समुद्राच्या बाजूने. तिकडे तयार होणाऱ्या वादळी प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत पूर्वेकडे सरकतात. यांनाच पश्चिमी चक्रावात किंवा वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. गुलमर्ग आहे पीर पंजाल रांगेत, साधारण 2,650 मीटर उंचीवर. दमट हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि बर्फ पडतो. डिसेंबर 2023 आणि जानेवारी 2024 मध्ये जोरदार पश्चिमी चक्रावात जवळपास आलेच नाहीत. जानेवारीचे शेवटचे दिवस उजाडले तेव्हा कुठे हवामान बदललं.

यात एक गंमत आहे. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते आणि पारा आणखी घसरतो. ढग असले की ते गोधडीसारखं काम करतात. त्यामुळे ‘काश्मीर गोठलं, पारा उणे पाच’ अशी बातमी वाचून बॅग भरायला घेत असाल, तर थांबा. तेव्हा तिथे कदाचित स्वच्छ ऊन असेल आणि बर्फाचा पत्ताही नसेल. बर्फ पडतो ती रात्र बऱ्याचदा थोडी उबदारच असते.

आपल्यासाठी हा ट्रिपचा प्रश्न, तिथल्या लोकांसाठी वर्षभराचा. 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांना काश्मिरीत ‘चिल्लई कलां’ म्हणतात. या कडक थंडीत पडलेला बर्फ टिकतो, थरावर थर साचतो आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून झरे, नद्या, सफरचंदाच्या बागा यांना पाणी देतो. फेब्रुवारी-मार्चमधला बर्फ फोटोत तसाच दिसतो, पण उन्हं तापू लागल्याने लवकर वितळतो. स्लेज ओढणारे, घोडेवाले, स्की गाइड यांची तर कमाईच या काही आठवड्यांची. 2025 मध्येही हेच झालं. गुलमर्गला 22 फेब्रुवारीपासून होणारे खेलो इंडिया हिवाळी खेळ पुरेसा बर्फ नसल्याने पुढे ढकलावे लागले आणि मार्चमध्ये झाले.

बरं, उशिरा का होईना, बर्फ पडला की सगळं ठीक? नाही. कोरड्या थंडीत बर्फाचा जुना पातळ थर आतून दाणेदार, साखरेसारखा सुटा होतो. त्यावर एकदम भरपूर नवा बर्फ पडला, की वरचा थर घसरण्याचा धोका वाढतो. हेच हिमस्खलन. 22 फेब्रुवारी 2024 ला, जोरदार बर्फवृष्टीनंतर काही दिवसांतच, अफरवट डोंगराच्या उतारावर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. त्याआधी फेब्रुवारी 2023 मध्ये याच डोंगरावर दोन पोलिश स्कीअर दगावले होते. म्हणून भरपूर बर्फ पडल्यावर गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा बंद ठेवला तर काउंटरवर वाद घालू नका. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, मान्य. पण तो टप्पा जवळपास 3,950 मीटरवर जातो आणि तिथून खाली येणारे उतार याच अफरवटचे आहेत.

आता ट्रिप ठरवायचीच असेल तर फक्त तापमान बघू नका. हवामान विभागाच्या अंदाजात पश्चिमी चक्रावाताचा उल्लेख आहे का, ते शोधा. हा अंदाज साधारण आठवडाभर आधी बऱ्यापैकी कळतो, महिनाभर आधी नाही. त्यामुळे तारीख बदलता येईल असं बुकिंग मिळालं तर तेच घ्या. आणि गुलमर्गचे रील बघताना त्यावरची तारीखही बघा, कारण दरवर्षी डिसेंबरात जुने बर्फाचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरत असतात.