एसएसबीची तयारी कशी करावी?

सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची एनडीए किंवा सीडीएसची लेखी परीक्षा पास झाली की मुलं-मुली एसएसबीच्या, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, मुलाखतीला भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू अशा केंद्रांवर जातात. मुक्काम साधारण पाच दिवसांचा असतो. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण त्याच दिवशी परतीची गाडी धरतात.

सर्वांत जास्त धास्ती असते ती मानसशास्त्रीय चाचण्यांची. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं. असे साठ शब्द. समजा, ‘अपयश’ आला. पाठ केलेलं सुभाषित पहिल्या दहा शब्दांना पुरतं, पुढे हात थकतो आणि खरा स्वभाव कागदावर उतरू लागतो. म्हणूनच घोकंपट्टी इथे फारशी कामाची नाही, असं माझं ठाम मत आहे. घरी घड्याळ लावून लिहिण्याचा सराव मात्र जरूर करावा.

मैदानावर फळ्या, दोर आणि ओंडके घेऊन गटाने अडथळे पार करायचे असतात. तिथे आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा, मागे राहिलेल्याला हात देणारा आणि दुसऱ्याची चांगली युक्ती उचलून धरणारा नजरेत भरतो. मुलाखतीत घर, शाळा, मित्र, आपला जिल्हा यांबद्दल खोदून विचारतात. आपण भरलेला फॉर्म तोंडपाठ हवा. छंद म्हणून ट्रेकिंग लिहिलं असेल, तर निदान चढलेल्या गडांची नीट माहिती हवीच.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मराठी मुलांनी रोज मित्रांशी मोठ्याने बोलावं. साधी, सरळ वाक्यं पुरतात.