शोरूमवाला बरा की गॅरेजवाला?

सप्टेंबर 2022. बेंगळुरूत पाऊस असा कोसळला की आउटर रिंग रोडचा ओढा झाला. बेलंदूर, सर्जापूर रोड, व्हाइटफील्ड या भागांत तळघरातली पार्किंग पाण्याखाली गेली आणि शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्याच एका तरुणाची हॅचबॅक उचलून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेण्यात आली. गाडीची किंमत होती साधारण 11 लाख. दुरुस्तीचं एस्टिमेट आलं... 22 लाख!

विमा कंपनीनं गाडी 'टोटल लॉस' धरली. पण गाडीचे कागद सोडवायला गेल्यावर एस्टिमेट काढून दिल्याबद्दल तब्बल 44,840 रुपये मागितले गेले. प्रकरणाचा बोभाटा झाला, गाडी बनवणाऱ्या कंपनीनं लक्ष घातलं आणि अखेर 5 हजारांवर मिटलं. देशभरच्या वृत्तपत्रांत ही बातमी छापून आली. ज्यांच्या दारात गाडी उभी आहे, त्या प्रत्येकाच्या पोटात ती वाचून गोळा आला असणार.

आमच्या घरी तर आलाच. माझा थोरला भाऊ नोकरीनिमित्त वीस वर्षांपूर्वी बेंगळुरूला गेला, तिथलाच झाला. त्याच्या सात वर्षांच्या गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी एका सर्व्हिस सेंटरनं 38 हजारांचं एस्टिमेट दिलं. दादानं गाडी तशीच वळवली आणि विल्सन गार्डनमधल्या एका छोट्या गॅरेजात नेली. काम निम्म्या पैशांत झालं. दादा खूश! पण आठ महिन्यांत ब्रेक पॅड गेले. बॉक्स नामवंत कंपनीचा होता, माल मात्र नकली निघाला.

वहिनीनं मला फोन केला. ''तूच सांग गं, एकीकडे खिसा कापला जातो, दुसरीकडे जिवाशी खेळ. माणसानं जावं तरी कुठं?''

हा प्रश्न एकट्या वहिनीचा नाही. म्हणून जरा नीट चौकशी केली.

खरेदी करतानाच जागे राहा

नवी गाडी घ्यायची तर डीलरला पर्याय नाही. पण डीलरकडे जाणं म्हणजे तो म्हणेल ते सगळं घेणं नव्हे. शोरूममध्ये आपल्याला 'ऑन रोड' किंमत सांगितली जाते. त्या एका आकड्याच्या पोटात बरेच आकडे दडलेले असतात. गाडीची किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि कधी कधी 'हँडलिंग'च्या नावाखाली आणखी काही. प्रत्येक आकडा वेगळा लिहून मागा. ज्याचं कारण डीलरला कागदावर लिहिता येत नाही, ती रक्कम आपण का भरायची?

यातला रोड टॅक्स टळत नाही. कर्नाटकात तो एकदाच, गाडीच्या आयुष्यभरासाठी भरावा लागतो आणि देशातल्या चढ्या दरांमध्ये त्याची गणना होते. विमा मात्र आपल्या हातात आहे. तो डीलरकडूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. दोन-तीन विमा कंपन्यांचे दर मागवा आणि मग डीलरच्या दराशी ताडून बघा. अनेकदा एवढ्या चौकशीनंच डीलरचा आकडा खाली येतो! मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप या वस्तू बाहेरच्या बाजारातही मिळतात. मात्र वायर कापून बसवायच्या वस्तू, म्हणजे हॉर्न, दिवे, स्टिरिओ, वॉरंटीच्या काळात बाहेरून बसवू नका. उद्या वायरिंगमध्ये बिघाड झाला तर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

गाडी ताब्यात घेण्याआधी दिवसाउजेडी पाहून घ्या. किलोमीटरचा आकडा, टायरवरचा उत्पादनाचा आठवडा, चासी नंबर, काचा, रंग... हे बघायला मेकॅनिक लागत नाही. आणि कागदांवर सही करण्याआधी बघा, नंतर नव्हे.

वॉरंटीचा बागुलबुवा

''बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल!'' हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीमालक विरळा. ते कितपत खरं?

जानेवारी 2011 मध्ये शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटार कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरचाच उंबरठा झिजवावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवातीला तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीचा व्याप वाढत गेला आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात मारुती, टाटा, महिंद्र होत्या, तशीच बेंगळुरूजवळच्या बिडदीत गाड्या बनवणारी, आपल्या किर्लोस्करांचं नाव लावणारी टोयोटा किर्लोस्करही होती.

दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. पण त्या आदेशातला एक मुद्दा सामान्य माणसानं लक्षात ठेवण्याजोगा आहे. ग्राहकानं बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता कामा नये, असं आयोगानं बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जो बिघाड झाला, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. म्हणजे बाहेर टायर बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी गेली, हे म्हणणं आयोगाच्या या भूमिकेत बसत नाही.

तरीही व्यवहाराचं सांगायचं तर वॉरंटी असेतो सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरमध्येच करावं. एक तर सुरुवातीच्या सर्व्हिसिंगची मजुरी बहुतेक कंपन्या घेत नाहीत, फक्त ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतात. दुसरं, मोठा दोष निघाला तर सर्व्हिसची अखंड नोंद आपल्या बाजूनं उभी राहते. भांडून जिंकण्यापेक्षा भांडणाची वेळच न आलेली बरी!

जे. सी. रोडची किमया

वॉरंटी संपली की खरा प्रश्न सुरू होतो. इथं बेंगळुरूकर नशीबवान आहेत. टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड म्हणजे सुट्या भागांची पेठच. या रस्त्याला म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला जे. सी. रोडच सांगायचं. क्लच प्लेटपासून आरशापर्यंत सगळं तिथं मिळतं.

इथं एक गंमत समजून घ्यायला हवी. मोटार कंपनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, बेअरिंग, क्लच असे बरेच भाग दुसरे कारखाने बनवून देतात. उदाहरण बेंगळुरूचंच घ्या. 1951 मध्ये सुरू झालेली 'मायको' ही कंपनी आज बॉश नावानं ओळखली जाते. ती मोटार कंपन्यांना माल पुरवते आणि स्वतःच्या बॉक्समध्ये दुकानातही विकते. अशा नामवंत पुरवठादाराचा भाग अनेकदा मोटार कंपनीच्या बॉक्समधल्या भागापेक्षा स्वस्त पडतो. चांगल्या गॅरेजवाल्याचं बिल कमी येतं ते यामुळे, शिवाय त्याला एसी वेटिंग रूम आणि चकचकीत काचांचा खर्च नसतो.

पण दादाचा अनुभव विसरू नका. नकली माल याच वाटेनं घुसतो. म्हणून पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच भाग घ्या, बॉक्सवरचा भाग क्रमांक तपासा आणि काढलेला जुना भाग परत मागा. शिवाजीनगरात जुने, वापरलेले भाग मिळतात. दरवाजाचं हँडल किंवा दिव्याची काच तिथून आणायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगचे भाग मात्र कधीही जुने घेऊ नयेत.

बिल वाचायला शिका

किराणा दुकानात आपण पावकिलो साखरेचाही हिशेब बघतो. सर्व्हिसिंगचं तीन पानी बिल मात्र न वाचता कार्ड पुढं करतो! वास्तविक गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो. गाडी देताना तो तक्ता समोर ठेवा. त्यात जे आहे ते होऊ द्या. त्यात नसलेली कामं, म्हणजे इंजिन फ्लशिंग, एसीचा फवारा, थ्रॉटल बॉडीची सफाई, गाडीच्या तळाचं कोटिंग, सुचवली गेली तर एवढंच विचारा, ''तक्रार काय आहे? आज नाही केलं तर काय होईल?'' उत्तर पटलं तर करा.

जॉब कार्डवर एस्टिमेट लिहून घ्या आणि 'वाढीव काम फोन करून परवानगी घेतल्यावरच' असं त्यावर लिहून सही करा. ही एक ओळ हजारो रुपये वाचवते.

याउलट पुस्तिकेतली कामं पैसे वाचवण्यासाठी टाळूही नका. ऑइल वेळेवर बदललं नाही तर इंजिन त्याची वसुली करतं. बेंगळुरूच्या कोंडीत तर आणखी जपायला हवं. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी तासभर रांगते तेव्हा मीटर जेमतेम पुढं सरकतो, पण इंजिन चालूच असतं आणि क्लच, ब्रेक झिजतच असतात. म्हणून किलोमीटर भरले नसले तरी वर्षातून एकदा सर्व्हिसिंग हवंच.

कुठलं काम कुठं?

टायर, बॅटरी, अलाइनमेंट, वायपर, ऑइल, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शन ही कामं वॉरंटीनंतर चांगल्या गॅरेजात बिनदिक्कत करावी. एअरबॅग, एबीएस, गाडीतला कॉम्प्युटर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांसाठी अधिकृत सेंटर किंवा त्याच गाड्यांची यंत्रसामग्री असलेलं मोठं गॅरेज गाठावं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स इतकं वाढलं आहे की स्कॅनर नसलेला मेकॅनिक अंदाजानं भाग बदलत बसतो, आणि त्या अंदाजाचे पैसे आपण मोजतो. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला तर अनधिकृत हात लागूच देऊ नका.

अपघाताचं काम असेल तर आधी विमा पॉलिसी काढून बघा. कॅशलेस सोय विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजातच मिळते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या 75 टक्क्यांच्या पलीकडे गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. आणि पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली तर इंजिन मोडतं, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. थेट टोइंगची गाडी बोलवावी.

फसवणूक झालीच तर...

आधी मॅनेजरला, मग कंपनीला लेखी तक्रार करा. तोंडी भांडणाचा उपयोग नाही. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. मात्र हातात बिल, जॉब कार्ड आणि पत्रव्यवहार हवा. कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेणाऱ्याला आयोगापुढे उभं राहणं जड जातं. थोडे पैसे वाचतात म्हणून बिन-बिलाचं काम करून घेऊ नका, ते यासाठीच.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. त्या रविवारी दादा त्याच विल्सन गार्डनच्या गॅरेजात पुन्हा गेला. नकली पॅड टेबलावर ठेवले आणि शांतपणे बिल मागितलं. मालकानं आधी कानडीत नेहमीचा मंत्र म्हटला, ''स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर!'' दादा हलला नाही. अखेर मालक दादाला मागे बसवून स्वतः जे. सी. रोडला गेला, नवे पॅड पक्क्या बिलावर आणले आणि मजुरी न घेता बसवून दिले.

दादा आता त्याच गॅरेजात जातो. ''माणूस वाईट नाही गं,'' तो म्हणतो, ''फक्त आपण डोळे उघडे ठेवून उभं राहायला हवं.''

शोरूम असो की गॅरेज, हे दोन्हीकडे लागू आहे.