बिनचौकटीच्या दाराचे बीडिंग

शेव्हरोले कॉर्व्हेटची तिसरी पिढी १९६८ ते १९८२ या काळात बनली. तिच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. साध्या मोटारीत काच पत्र्याच्या चौकटीत वरखाली सरकते आणि दार लावले की ती चौकट रबरावर दाबली जाते. कॉर्व्हेटमध्ये वर केलेल्या काचेची कडा उघडीच असते. दार बंद झाल्यावर ती पुढे विंडस्क्रीनच्या खांबाला, वर छताला आणि मागे कुलपाकडच्या खांबाला लावलेल्या रबरावर जाऊन टेकते. पाऊस, धूळ आणि वारा अडवायला या रबराखेरीज तिथे दुसरे काहीही नाही. गाडीत पाणी येऊ लागले की संशय प्रथम या बीडिंगवर जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. पण नवे बीडिंग बसवूनही गळती थांबली नाही, अशी तक्रारही नेहमीची आहे. अशा वेळी दोष रबरात नसतो. तो रबरावर टेकणाऱ्या दारात आणि काचेत असतो.

कूपे प्रकारात छताचे दोन तुकडे सुटे होतात. मधोमध विंडस्क्रीनपासून मागपर्यंत एक पट्टा कायम राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे काढून ठेवता येतात. यालाच टी-टॉप म्हणतात. त्यामुळे प्रत्येक बाजूला चार रबरांचा मेळ बसावा लागतो: दारावरचे, विंडस्क्रीनच्या खांबावरचे, छताच्या तुकड्याचे आणि मागच्या खांबावरचे. दारावरचे रबर दाराच्या पुढच्या, खालच्या आणि मागच्या कडेने फिरते. काच जिथून सुरू होते तिथून वरचे काम बाकीची तीन रबरे करतात. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे काचेचा पुढचा वरचा कोपरा. तिथे खांबाचे रबर संपते आणि छताचे सुरू होते. एक रबर नवे, फुगीर आणि दुसरे जुने, चपटे असले तर या सांध्यात फट राहतेच. म्हणून एका बाजूची चारही रबरे एकदम बदलणे शहाणपणाचे. फक्त दाराचे रबर बदलून वाचवलेले पैसे पहिल्या पावसातच निरर्थक ठरण्याची शक्यता असते.

वेगाचाही इथे संबंध येतो. गाडी धावताना बाजूच्या काचेवरून हवा जोराने जाते, बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि काच बाहेरच्या दिशेने ओढली जाते. ताशी ११० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ५५ ते ६० किलो वजनाइतका भरतो, आणि काचेवरचा ओढा साधारण याच मापाचा असतो. वरची कडा धरून ठेवणारी चौकट नसल्यामुळे काच किंचित बाहेर झुकते. ताजे रबर फुगून तिच्या मागोमाग जाते. कडक झालेले रबर जागेवरच राहते. उभ्या गाडीत पाणी अडवणारे बीडिंग हायवेवर शिट्टी घालू लागते ते यामुळे.

पाण्याने गालिचा भिजतो, कुबट वास येतो, एवढेच नुकसान असते तर चालले असते. या गाडीचे बाह्यांग फायबरग्लासचे आहे आणि फायबरग्लास गंजत नाही, म्हणून गाडीला गंजाचे भय नाही असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आणि महागात पडणारा आहे. फायबरग्लासच्या आत विंडस्क्रीनचे खांब, कुलपाकडचे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या यांचा पोलादी सांगाडा असतो. काचेच्या कोपऱ्यातून आत आलेले पाणी खांबातून उतरते आणि त्याच्या पायथ्याशी साचते. वरून रंग चकाकत असतो आणि आतले पोलाद पापुद्रे सोडत असते. ही दुरुस्ती म्हणजे बाह्यांग सोडवून किंवा कापून सांगाड्याला नवे तुकडे वेल्ड करणे. त्या खर्चापुढे रबराची किंमत क्षुल्लक आहे. जुनी कॉर्व्हेट विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पायाखालचा गालिचा उचलून पाहावा.

रबर खराब होण्यामागे रसायन आहे. नैसर्गिक रबर आणि त्याच्या जवळची कृत्रिम रबरे यांच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन अगदी थोडा असला तरी नेमका या बंधांवर घाव घालतो आणि साखळी तुटते. रबर जिथे ताणलेले असते तिथे चिरा पडतात, त्याही ताणाच्या दिशेला काटकोनात. वळणावरचे रबर सरळ भागाच्या आधी फाटते ते म्हणूनच. ईपीडीएम नावाच्या रबराच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोन आणि ऊन ते पुष्कळ सोसते. आज मिळणाऱ्या दाराच्या पट्ट्या बहुधा ईपीडीएमच्या स्पंजच्या असतात. पण वर्षानुवर्षे दाबून राहिलेले कोणतेही रबर पूर्ववत फुगत नाही, आणि त्यावर ईपीडीएमही पूर्ण उपाय नाही. पट्टी काळी, अखंड, सुबक दिसत असते. बोटाने दाबले की ती चपटी आणि निबर झाल्याचे कळते. पेट्रोलियम तेलाशी तर ईपीडीएमचे वैरच आहे. तेल शोषून ते फुगते आणि लिबलिबीत होते. बिजागरीला घातलेले तेल ओघळून रबरावर जाऊ देऊ नये, आणि त्याला चमक आणण्यासाठी तेलकट पॉलिशही लावू नये.

गळती नेमकी कुठे आहे हे काही विकत घेण्यापूर्वी शोधावे. कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावायचे आणि ती ओढून पाहायची. चांगल्या रबरात ती अडकत अडकत येते, थकलेल्या रबरातून अलगद सुटते. दर हातभर अंतरावर असे केले की दाब कुठे आहे आणि कुठे नाही याचा नकाशाच तयार होतो. रबराला खडू फासून दार एकदा लावून उघडले, तर काचेवर उमटलेल्या रेघेतला खंडही तेच सांगतो. पाण्याची परीक्षा शेवटी घ्यावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने साध्या नळीने, जोर न लावता, खालून सुरुवात करून वर वर पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि मूळ जागा सापडत नाही.

यानंतर दाराची पाळी. कॉर्व्हेटचे दार लांब आणि जड असते, आणि बिजागरीच्या खिळी व बुश झिजले की ते मागच्या टोकाला खाली झुकते. अर्धवट उघडलेल्या दाराचे मागचे टोक धरून वर उचलावे. दार बिजागरीत हलले तर खिळी-बुश आधी बदलावेत. मग लॉक जिथे अडकते तो खांबावरचा स्ट्रायकर पाहावा. त्याचा बोल्ट सैल करून तो आतबाहेर सरकवता येतो, आणि बंद दाराची बाह्य पातळी मागच्या फेंडरशी जुळेल अशी त्याची जागा ठरते. बीडिंगवर दाब वाढावा म्हणून स्ट्रायकर आत खेचणे ही पळवाट आहे. त्याने दार खोलगट बसते आणि काचेचा प्रश्न तसाच राहतो. झुकलेल्या दाराची चूक जाड रबराने भरून काढता येत नाही. तसा प्रयत्न केला तर एका टोकाला दार लागता लागत नाही आणि दुसऱ्या टोकाला फट कायम राहते.

नवे रबर घेताना गाडीचे मॉडेल-वर्ष सांगूनच घ्यावे. मीटरवर विकली जाणारी सर्वसाधारण पट्टी इथे उपयोगाची नाही, कारण या रबरांचे कोपरे आणि टोके साच्यात घडवलेली असतात. खोक्यात दुमडून आलेले रबर लगेच बसवू नये. ते उलगडून उबदार जागी एक-दोन दिवस मोकळे ठेवले की घड्या निघतात.

जुने रबर काढायला दिसते तितके अवघड नसते. वेळ जातो तो जुना डिंक काढण्यात. दाराच्या पट्टीची टोके कुठे स्क्रूने किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी अडकवली आहेत ते आधी पाहून फोटो काढून ठेवावेत. बाकीची पट्टी हळूहळू ओढून निघते. खाली राहिलेला कडक डिंक प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि डिंक काढण्यासाठी मिळणाऱ्या द्रावणाने सुटतो. रंगाच्या दुकानातला थिनर वापरण्याचा मोह आवरावा. या पिढीतल्या बहुतेक गाड्या कारखान्यात लॅकरने रंगवल्या होत्या, आणि थिनरचा एक ओघळ तो रंग कायमचा खराब करतो. आजूबाजूला मास्किंग टेप लावून, फडक्यावर थोडे थोडे द्रावण घेऊन काम करावे. खाच पूर्ण मोकळी झाली की खांबाच्या पोलादावर गंज आहे का ते नीट पाहावे, असल्यास तो घासून, प्रायमर आणि रंग देऊन वाळू द्यावा. पुन्हा ही जागा अनेक वर्षे दिसणार नाही.

नवी पट्टी प्रथम डिंकाशिवाय बसवून पाहावी. घडवलेले कोपरे आणि टोके आधी आपापल्या जागी, मग त्यांच्यामधला सरळ भाग. पट्टी थोडी आखूड वाटली तर ती ताणण्याचा मोह होतो आणि संपूर्ण कामात हीच चूक सर्वांत जास्त होते. ताणलेले रबर काही आठवड्यांत मूळ लांबीकडे आक्रसते, कोपरा ओढला जातो आणि फट पडते. शिवाय ताणलेल्या जागीच चिरा लवकर पडतात. लांबी थोडी जास्त वाटली तर ती सारून सगळीकडे सारखी वाटून टाकावी. कोरडे दार लावून, काच वर करून सगळे जुळते आहे याची खात्री झाल्यावरच डिंकाची ट्यूब उघडावी.

बीडिंगसाठी वेगळा डिंक मिळतो. काळ्या रबरासाठी काळाच घ्यावा, म्हणजे बाहेर आलेला थेंब डोळ्यात भरत नाही. तो दोन्ही पृष्ठांवर पातळ लावायचा, काही मिनिटे थांबून हाताला चिकट लागू लागला की पट्टी दाबायची. एका वेळी वीतभर किंवा फार तर हातभर भाग घ्यावा. डिंक जाड थापला तर तो कडेने बाहेर येतो आणि धरही नीट घेत नाही. वळणावर पट्टी उठू नये म्हणून मास्किंग टेपने आवळून ठेवावी आणि डिंक एक दिवस पूर्ण वाळू द्यावा.

नव्या रबरावर दार जड लागते. ते आपटून लावावे लागले तर घाबरू नये. गाडी काही दिवस दारे लावून ठेवली की रबर काचेच्या आणि दाराच्या आकाराप्रमाणे बसते. स्ट्रायकरला हात लावायचा तो त्यानंतर. काचेची जुळणी मात्र आताच करावी लागते. दाराचे आतले पॅनेल काढले की काचेच्या मार्गिकांचे आणि वरच्या मर्यादेचे स्क्रू सापडतात. काच किती वर जाते, पुढेमागे किती कलते आणि वरची कडा आत किती झुकते, हे त्यांनी ठरते. वरची कडा रबरात थोडी रुतावी, पण दार लावताना रबराला खरवडू नये. हे स्क्रू एकमेकांशी जोडलेले असल्यासारखे वागतात, एक हलवला की दुसरे माप बदलते. म्हणून एका वेळी एकच, तोही थोडाच फिरवावा आणि दर वेळी कागदाची परीक्षा घ्यावी. या कामाला अख्खी दुपार लागली तरी ती वाया गेली असे समजू नये.

पॅनेल उघडलेले असतानाच दाराच्या आतही पाहावे. काचेच्या दोन्ही अंगांना खाली जिथे ती दारात शिरते तिथे फेल्टच्या पट्ट्या असतात, पण थोडे पाणी त्यांना चुकवून दारात उतरतेच, आणि ते तसे उतरणे मूळ रचनेतच धरलेले आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडते. पाने-मातीने ही भोके बुजली की पाणी आत साठून पॅनेलमागून गाडीत येते आणि दोष नाहक बीडिंगवर जातो. भोके तारेने मोकळी करावीत, पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला असेल तर नवा चिकटवावा, आणि बीडिंगला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.