जेम्स आउट्रम

इ. स. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पण सातपुड्यातील व सातमाळ्यातील भिल्ल त्यांना वश झाले नाहीत. घाटवाटांच्या राखणीबद्दल मिळणारे त्यांचे परंपरागत हक्क बुडाले होते, आणि फौजा पाठवूनही त्यांचे बंड शमेना. तेव्हा १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे आले. तो त्यांच्या वस्त्यांवर गेला, त्यांच्यासह वाघांच्या शिकारीस हिंडला, आणि रात्री त्यांच्याच पहाऱ्यावर विसंबून निःशंक झोपला. धरणगावची भिल्ल पलटण अशी उभी राहिली. अर्थात, भिल्लांकरवी भिल्लांना आवरण्याची ही युक्ती सरकारच्याच सोयीची होती.

पुढे १८४३ साली सिंध खालसा झाले, ते त्याला अन्यायाचे वाटले. लुटीतील आपला तीन हजार पौंडांचा वाटा त्याने धर्मादाय कामांस देऊन टाकला. परंतु हाच न्यायी मनुष्य १८५६ साली लखनौचा रेसिडेंट या नात्याने अवधचे राज्य खालसा करण्यास वाजिद अली शाहापुढे उभा राहिला. नवाबाने करारावर सही केली नाही. मस्तकावरील पागोटे उतरवून त्याच्या हाती ठेवले.

दुसऱ्याच वर्षी लखनौ पेटले. तेथील इंग्रजांच्या सुटकेसाठी आउट्रम निघाला, तेव्हा सेनापतिपद त्याचे होते. पण आधीचे श्रम हॅवलॉकचे म्हणून त्याने ते त्यालाच दिले व स्वतः स्वयंसेवक होऊन लढला. २५ सप्टेंबर रोजी दोघे रेसिडेन्सीत पोहोचले खरे, परंतु परतीची वाट उठावकऱ्यांनी रोखली. नोव्हेंबरपर्यंत आउट्रमही तेथेच कोंडला गेला.