धरणाखालची नदी: उल्हास खोऱ्यातील पाणी, गाळ आणि मासे

कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर डोहापुरत्या उरतात. बदलापूर-उल्हासनगर भागातली उल्हास मात्र मे महिन्यातही वाहते, कारण तिच्यातले उन्हाळी पाणी मुख्यतः धरणांतून येते. धरणामुळे खालची नदी आटतेच असे नाही. पण पाणी कधी येते, किती वेगाने येते आणि सोबत काय आणते, हे बदलते. त्याचा परिणाम मासे, काठची जमीन आणि उपसा सिंचन या तिन्हींवर होतो.

उन्हाळ्यातले पाणी कुठून येते?

- भिवपुरी: मावळातील आंद्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली कर्जतजवळच्या भिवपुरी वीजगृहात येते. १९२२ पासून येथे वीज तयार होते आणि वापरलेले पाणी उल्हासमध्ये सोडले जाते. आंद्रा ही मूळची भीमा खोऱ्यातली नदी, म्हणजे हे पाणी खरे तर पूर्वेकडे जाणारे.
- बारवी: बदलापूरजवळचे हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. सोडलेले पाणी नदीपात्रातून खाली येते व जांभूळ येथे शुद्ध करून शहरांना आणि कारखान्यांना दिले जाते. उंची वाढवल्यानंतर धरणाची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली आहे.
- बदलापूरचा बंधारा: येथून जीवन प्राधिकरण अंबरनाथ व बदलापूरसाठी पाणी उचलते.

शेजारच्या वालधुनीची स्थिती उलट आहे. तिच्या उगमाकडे काकोळे येथे रेल्वेचे जुने जीआयपी धरण आहे. पावसाळा संपला की नदीत स्वतःचे पाणी फारसे उरत नाही. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहते ते मुख्यतः सांडपाणी. नदीत मूळ प्रवाह नसेल तर घाण विरळ होत नाही, हे येथे उघड दिसते.

माशांवर काय परिणाम होतो?

पहिल्या जोरदार पावसात गढूळ, थंड पाणी आले की अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि ओढे, भातखाचरे व उथळ काठांवर अंडी घालतात. ठाणे-रायगड भागात याला वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. पाण्याची वाढ हीच माशांसाठी वर्दी असते. धरण मात्र सुरुवातीचा पाऊस साठवून घेते. धरण भरेपर्यंत खालच्या पात्रात ही वर्दी उशिरा किंवा क्षीण पोहोचते आणि माशांचा विणीचा काळ निघून जातो.

दुसरी अडचण वाटेची. धरण किंवा उंच बंधारा मासा ओलांडू शकत नाही. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या पिलांना सुरुवातीला खाडीचे मचूळ पाणी लागते; वाढल्यावर ती नदीत वर चढतात. वाटेत भिंत आली की वरच्या भागातून ही कोळंबी कमी होत जाते.

तिसरी गोष्ट साचलेल्या पाण्याची. बंधाऱ्यामागे पाणी संथ होते. त्यात सांडपाण्यातले नत्र व स्फुरद मिसळले की जलपर्णी फोफावते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे व वन्यजीवांसाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

काठची जमीन आणि पूर

धरणात गाळ अडतो. गाळाविना सुटलेले पाणी खालचे पात्र आणि काठ खरवडते. वीजगृहातून सोडलेल्या पाण्याची पातळी विजेच्या मागणीप्रमाणे वरखाली होते, त्यामुळेही ओला काठ ढासळतो आणि उथळ जागी घातलेली अंडी कधी उघडी पडतात.

धरणे असली म्हणजे पूर येणार नाही, असे मात्र समजू नये. उल्हासच्या मुख्य प्रवाहावर अजून मोठे साठवण धरण नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. याच मोकळ्या प्रवाहामुळे उल्हासमध्ये पावसाळी पाण्याची वर्दी अजून पोहोचते. कर्जत तालुक्यात कोंढाणे येथे उल्हासवर धरणाचा प्रस्ताव आहे. ते झाल्यास जून-जुलैत नदीसाठी किती पाणी सोडायचे, हे आधीच ठरायला हवे. नंतर पिण्याचे व उद्योगाचे वाटप ठरून गेले की नदीच्या वाट्याला उरलेसुरलेच येते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- वलगणीच्या पहिल्या आठ-पंधरा दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळे किंवा सापळा लावू नये. समुद्रात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्याचे कारणही हेच. अंडी भरलेली एक मादी सोडली तर हजारो पिले मिळू शकतात.
- धरण नसलेले लहान ओढे हीच आता माशांची मुख्य विणीची जागा आहे. ते बुजवू नयेत. वनराई बंधारे पाऊस संपल्यावर घालावेत व जूनपूर्वी काढावेत.
- काठापासून काही मीटर पट्टा न नांगरता ठेवावा. त्यात वाळा, बांबू, करंज, निर्गुडी लावल्यास माती धरून राहते.
- फवारणी पंप नदीत किंवा ओढ्यात धुऊ नयेत.
- उन्हाळी भाजीपाल्यासाठी नदीचे पाणी उचलण्यापूर्वी तपासून घ्यावे. सिंचनासाठी सामू ६ ते ८.५ आणि विद्युत वाहकता २२५० मायक्रोम्होजपर्यंत, ही केंद्रीय मंडळाची मर्यादा आहे. भाजीपाल्यातील बरीच पिके यापेक्षा कमी क्षारातही मार खातात. वालधुनीचे पाणी भाजीपाल्याला देऊ नये.
- पाण्याला फेस किंवा उग्र वास आल्यास, किंवा मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसल्यास, पंप लगेच बंद करावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील जुन्या मच्छीमारांकडून आणि आदिवासी पाड्यांवरून वलगण कोणत्या ओढ्यात, कोणत्या नक्षत्रात होते, याची नोंद करावी. दरवर्षी त्याच जागी मासे चढले की नाही, हे लिहून ठेवावे. धरणातून पाणी कधी सोडावे याची चर्चा होईल तेव्हा गावाकडे मांडायला हीच नोंद उपयोगी पडेल.